वादळ ओमानकडे निघालं म्हणजे बडोद्याचं आभाळ मोकळं झालं असं धरायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अरबी समुद्रातलं वादळ गुजरातपासून लांब, ओमानकडे निघालंय असं बातम्यात सांगतायत, पण बडोद्यात दोन दिवस आभाळ भरलेलं आहे, मधेच शिंतोडे येतात, आणि रविवारी दांडिया बाजारातल्या घरी गच्चीवर पुतणीचा साखरपुडा आहे. शिवाय पादरा गावाजवळच्या शेतात कापूस फुटलाय आणि भागिया (वाट्याने शेत करणारा) विचारतोय वेचू का थांबू. आणि थंडी कधी, हे तर सगळेच विचारतायत.

आधी सरळ उत्तर देतो. वादळ खरंच पश्चिमेला सरकत राहिलं तर अजून एक-दोन दिवस ढग, एखाददुसरी सर, संध्याकाळी कुठे गडगडाट, मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आभाळ फाटायला लागतं, दुपार तापते, रात्र उतरते आणि सकाळी दव चांगलंच पडतं. कुठलं वादळ याला फार महत्त्व नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्रातून पश्चिमेला जाणारी वादळं जाताजाता बडोद्याशी साधारण असंच वागतात. पण "सरकत राहिलं तर" हे मी उगाच घातलेलं नाही, त्यावर खाली येतो. हवामानाच्या नोंदी घेणं आणि शेतकऱ्यांना सल्ला देणं हेच काम आयुष्यभर केलंय, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, वादळाचं नाव काय आणि ते किती किलोमीटरवर आहे यावरून आपल्याकडे पाऊस किती हे कळत नाही. आपल्या शहराचाच दाखला घ्या ना. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने निम्मं बडोदं पाण्यात घातलं, काळाघोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी त्याच्या कितीतरी वर, मगरी सोसायट्यांत फिरत होत्या. तेव्हा डोक्यावर जे होतं त्याला नावच नव्हतं, ते होतं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं, जमिनीवरून सौराष्ट्र-कच्छकडे चाललेलं. ३० ऑगस्टला कच्छच्या किनाऱ्याशी पोचल्यावर त्याचं चक्रीवादळ झालं, 'असना' असं नाव मिळालं, १९७६ नंतर पहिल्यांदाच अरबी समुद्रात ऑगस्टमधे चक्रीवादळ म्हणून देशभर चर्चा झाली, आणि तोपर्यंत इथे लोक घरातला चिखल उपसत होते. म्हणजे वादळ "झालं" तेव्हा आपलं संपलेलं होतं.

याच्या उलट २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीचं 'शक्ती'. चांगलं तीव्र चक्रीवादळ, चार दिवस टीव्हीवर गिरक्या, पण ते पश्चिम-नैऋत्येला निघून गेलं, तिकडेच समुद्रात वळलं आणि विरलं, गुजरातच्या किनाऱ्याला त्याचा धक्का लागला नाही. आणि मग त्याच महिन्याच्या शेवटी सगळ्या चॅनेलवर 'मोंथा', जे २८ तारखेच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याच्या बाजूला चढलं, आणि त्याच दिवसांत आपल्या बाजूला अरबी समुद्रात एक साधं डिप्रेशन रेंगाळत बसलेलं, नाव मिळण्याइतकी लायकी नाही, तर त्याने गुजरातेत काढणीला आलेला भुईमूग, भात, कापूस सगळं भिजवून ठेवलं. गुजरातीत अवकाळी पावसाला मावठुं म्हणतात ते हेच.

हे असं का, तर ही जी पायरी आहे ना, डिप्रेशन, डीप डिप्रेशन, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, ती सगळी वाऱ्याच्या वेगावर लावलेली आहे. ताशी ३१ ते ५० किलोमीटर म्हणजे डिप्रेशन, ६२ झाले की चक्रीवादळ आणि नाव, ८९ झाले की तीव्र. पावसाचा त्यात कुठे उल्लेखच नाही. त्यामुळे "वादळ कमकुवत होऊन डिप्रेशनमधे उतरलं" अशी बातमी आली की त्याचा अर्थ केंद्राजवळचा वारा पडला एवढाच घ्यायचा, त्याने समुद्रातून उचललेलं बाष्प कुठे जाणार, ते आहेच हवेत. आणि जे हळू सरकतं ते जास्त भिजवतं, मग नाव असो नसो.

तर मग बघायचं काय? वारा. आणि तो मोजायला काही लागत नाही, तुमची गच्ची पुरे.

डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट याने १८५७ साली सांगितलेला नियम आहे, आजही चालतो: आपल्या अर्ध्या गोलात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. आता बडोद्याला लावा. वादळ नैऋत्येला समुद्रात असेल तर ते घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून आपल्याकडे वारा आग्नेयेकडून, म्हणजे डभोईच्या बाजूने येतो. तुम्ही डभोईकडे पाठ केलीत, डावा हात गेला भरूचच्या पलीकडे समुद्राकडे, तिथे वादळ. हा डभोईकडचा वारा जोपर्यंत आहे तोपर्यंत वादळ हजार किलोमीटर गेलं तरी आपण त्याच्या ओढीत आहोत, बाष्प येत राहणार, सर येऊ शकते. आणि ज्या दिवशी वारा फिरून उत्तर-ईशान्येकडून, म्हणजे सावली गाव आणि हालोल-पावागडाच्या बाजूने यायला लागतो, तेव्हा समजायचं की वरचा पुरवठा तुटला, कारण तो राजस्थान-माळव्याकडचा कोरडा वारा असतो. माझ्या दृष्टीने वादळ "गेलं" ते त्या दिवशी, न्यूजवाले म्हणतात त्या दिवशी नाही. दुपारी दोन-तीनला बघा, कारण पहाटे आपल्याकडे वारा जवळजवळ पडलेला असतो आणि तेव्हाच्या दिशेला काही अर्थ नसतो, शिवाय दांडिया बाजारात चारी बाजूंनी इमारती, गल्लीतला वारा गल्लीच्याच दिशेने वाहतो, त्यामुळे पाण्याच्या टाकीवर चढून एखादी ओढणी धरायची.

ढगांचंही सांगतो कारण लोक नेमके चुकीच्या ढगांना घाबरतात. वर खूप उंच पांढुरके, कंगव्याने विंचरल्यासारखे ढग नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेले दिसतायत, सूर्य दुधाळ वाटतोय, रात्री चंद्राभोवती खळं, हे सगळं वादळाच्या माथ्यावरून बाहेर फेकलेलं बर्फाच्या कणांचं आहे, ते पश्चिमी वाऱ्याबरोबर वाहत हजार-दीड हजार किलोमीटर येतं आणि त्यातून पाऊस पडत नाही. सॅटेलाइटच्या फोटोत मात्र तेच सगळ्यात पांढरंशुभ्र दिसतं आणि मग ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात की बघा वादळ बडोद्यावर आलं. काळजी करायची ती खालच्या ढगांची, करड्या फाटक्या ढगांची, जे डभोईकडून भराभर धावत येतात. ते आले की पाच-दहा मिनिटांत सर येते, आणि ते यायचे बंद झाले की वरची पांढरी चादर दिवसभर राहिली तरी कपडे बाहेर वाळत घाला.

आता त्या "तर" बद्दल. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात वादळ ओमानकडे निघालं म्हणजे परत येणार नाही असं नसतं. पावसाळा गेला की समुद्र परत तापलेला असतो, मोसमी वारे नसल्यामुळे वरचा वारा वादळाला कापत नाही, म्हणून ही वादळं बनतात. पण याच दिवसांत उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचा पट्टाही खाली उतरायला लागतो, आणि त्यातली एखादी खोल द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) जवळ आली की वादळाला उचलून ईशान्येला वळवते, म्हणजे आपल्याच दिशेला. २०१९ चं 'महा' असंच. लक्षद्वीपजवळून निघालं, वायव्येला लांब समुद्रात गेलं, अति तीव्रच्या वर पोचलं, आणि मग वळलं ते थेट सौराष्ट्राकडे, दीवच्या आसपास किनाऱ्याला लागेल असा अंदाज, सगळी यंत्रणा तयार. पण ज्या पश्चिमी वाऱ्याने त्याला वळवलं त्यानेच त्याचा माथा कापला, वर कोरडी हवा आत शिरली, आणि ७ नोव्हेंबरला किनाऱ्याच्या अलीकडेच ते गळून पडलं. २०१७ च्या डिसेंबरातलं 'ओखी' पण तसंच, कन्याकुमारीजवळून निघून लक्षद्वीपवरून सुरतेच्या रोखाने आलं, विधानसभेच्या प्रचारसभा रद्द झाल्या, आणि किनाऱ्याला लागायच्या आतच मेलं, फक्त पाऊस देऊन. म्हणजे वळून येणारी वादळं आपल्याकडे येईपर्यंत बहुतेक अर्धमेली असतात, वाऱ्याने घर उडेल अशी भीती बडोद्याला सहसा नसते, पण अवेळी भिजवतात हे नक्की. अर्थात मे-जूनमधली गोष्ट वेगळी, २०२१ चं तौक्ते आणि २०२३ चं बिपरजॉय आठवत असेलच, त्यांना असा कापणारा वारा आडवा आला नाही.

आणि एक प्रकार असाही, की वादळ संपलं म्हणून सोडून दिलं आणि त्याचंच दुसरं झालं. २०२१ मधे 'गुलाब' २६ सप्टेंबरला आंध्र-ओडिशाच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, जमिनीवर कमकुवत झालं, मराठवाड्यात हाहाकार करून गुजरातवरून गेलं, समुद्र मिळाल्याबरोबर परत उठलं आणि 'शाहीन' नावाने ओमानला धडकलं. म्हणून बुलेटिनमधे "अवशेष" हा शब्द दिसला की मी तरी लक्ष काढून घेत नाही.

तेव्हा वळणार की नाही हे कसं कळणार, तर तुम्ही-आम्ही ओळखू शकत नाही, त्यासाठी हवामान खात्याचं बुलेटिनच बघायचं, वादळ चालू असताना ते दर तीन तासांनी येतं. त्यात वादळाच्या अपेक्षित मार्गाच्या रेषेभोवती पंखा काढलेला असतो, तो रुंद होत जातो, आणि लोक फक्त मधली रेषा बघतात. तीन दिवसांपुढे मधली रेषा विसरा, पंखा बघा, आणि पंख्याची कड सौराष्ट्राकडे वळलेली दिसली तरच मला परत विचारा.

अ‍ॅपबद्दल पण दोन शब्द, कारण तुम्ही लिहिलंय की एक अ‍ॅप रविवारी पाऊस दाखवतंय आणि दुसरं ऊन. दोन्ही वेगवेगळ्या मॉडेलवर चालतात, पाच दिवस आधी त्यांचं पटत नाही यात नवल नाही, दोन दिवस आधी पटायला लागलं की विश्वास ठेवा. आणि खात्याच्या अंदाजात "एक-दोन ठिकाणी" असतं त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या चार केंद्रांपैकी फार तर एखाद्यावर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. म्हणजे वडोदरा जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी हलका पाऊस असा अंदाज आला, वाघोडियाला पडला आणि दांडिया बाजार कोरडा राहिला, तर अंदाज बरोबरच ठरला, उगाच त्यांना शिव्या घालू नका. दुसरं, पावसाचे आकडे सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या २४ तासांचे. काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो, आणि मग आज ऊन असताना पेपरात पाऊस दिसतो म्हणून लोक गोंधळतात.

विश्वामित्रीची चिंता मी या वेळी फारशी करणार नाही. ती फुगते ती शहरातल्या पावसाने कमी आणि पावागड-हालोलकडच्या पावसाने आणि आजवा धरणाच्या पाण्याने जास्त, त्यासाठी तिकडे सलग जोरदार पाऊस लागतो, जाणाऱ्या वादळाच्या सुट्या सरींनी ते होत नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) मात्र अर्ध्या तासाच्या सरीनेही पाणी भरतं, तर रविवारी पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना तो रस्ता टाळा.

आता कापूस. हा खरा प्रश्न आहे, साखरपुड्याचं काय, फार तर मांडवाचे पैसे जास्त जातील. फुटलेलं बोंड एकदा भिजलं तर फार बिघडत नाही, बोंड झाडावरच वाळतं, वाऱ्याने दोन दिवसांत परत पांढरं होतं. बिघडतं ते भिजलेलं सलग ओलं राहिलं की, मग रुई पिवळी-काळपट पडते आणि सरकी बोंडातच कोंब काढते. म्हणून भागियाला सांगा की पाऊस यायच्या भीतीने ओला कापूस ओरबाडून घरात भरू नकोस, पोत्यात दाबलेला ओला कापूस झाडावरच्यापेक्षा लवकर खराब होतो, आत तापतो, हात घातला तर गरम लागतो. जे बोंड आज पूर्ण फुटलेलं आणि कोरडं आहे ते आजच दुपारी वेचून घ्या, कापडी झोळीत, प्लास्टिकच्या पोत्यात नाही. भिजलेलं तसंच राहू द्या. वारा पावागडाकडून फिरला की त्यानंतर दोन कोरड्या दुपारी जाऊ द्यायच्या आणि तिसऱ्या दिवशी वेचायचं, आणि तेही दव उडाल्यावर, दहा-साडेदहाच्या आत शेतात शिरायचं नाही. वेचताना डागी कापूस वेगळ्या झोळीत, हे आत्ताच बजावून ठेवा, कारण एका झोळीत मिसळला की चांगल्यालाही डागीचा भाव. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, ८ टक्के ओलावा धरते, १२ पर्यंत कापून घेते, त्यावर घेतच नाही. सरकी दाताखाली कट्‌कन फुटली तर माल वाळलाय, चामट लागली तर अजून पसरून ठेवा, पातळ थर, ताडपत्रीवर, आणि संध्याकाळ व्हायच्या आत झाकायचा, नाहीतर दिवसभर वाळवलेलं रात्रीचं दव परत ओलं करतं.

बांधाला तूर असेल तर ती आता फुलोऱ्यात असणार, ढगाळ दमट दिवसांत फूल गळतं आणि शेंगअळी वाढते. पण आभाळ दिसलं म्हणून लगेच फवारणी नको, दुकानदार सांगेलच, तो सांगणारच. झाड हलवून खाली कापड धरा, अळ्या पडल्या तरच मारा, आणि तेही सरी थांबल्यावर, नाहीतर औषध धुऊन जातं.

साखरपुड्याचं. तुम्ही वॉटरप्रूफ मांडव की साधा असं विचारलंय, आणि माझं म्हणणं आभाळ मोकळं झालं तरी वर काहीतरी हवंच, कारण पाऊस नसला तर दव असणार. ओली जमीन, मोकळं आभाळ आणि पडलेला वारा असं जमलं की रात्री आठ-साडेआठपासूनच गाद्या दमट लागायला लागतात, दहापर्यंत खुर्च्यांवर पाणी, आणि फुलांची रांगोळी झकास राहते पण पाहुण्यांचे शालू भिजतात. त्यासाठी साधं कापडही चालतं, दव अडतं. ताडपत्रीचं छत लागेल का ते आज ठरवू नका. मांडववाल्याला आज एवढंच सांगा की शुक्रवारी दुपारी फोन करते, तोवर दोन्ही राखून ठेव, आपल्याकडे लग्नसराई देवदिवाळीनंतर जोरात सुरू होते, तुळशीच्या लग्नापर्यंत तो ऐकेल, नंतर ऐकणार नाही. आणि मुहूर्त हातात असेल तर सकाळचा धरा. वादळ गेल्यानंतर दोन-तीन दिवस हवेत बाष्प शिल्लक असतं, वरून ऊन पडतं, मग दुपारी तीन ते सात या वेळात एकटाच ढग वाढतो, गडगडतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो, सकाळी असं सहसा होत नाही. गडगडलं की गच्ची रिकामी करायची, तेव्हा लाज धरायची नाही, मांडवाचे लोखंडी खांब आणि उंच गच्ची हे वीज पडताना वाईट जोडपं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमधे टाकून ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

तापमानाचं असं होईल. ढग आहेत तोवर दिवस थंड आणि रात्र उबदार, दुपारी २८-२९ आणि पहाटे २३ असं काहीतरी, पंखा लावावा की नको कळत नाही अशी हवा. आभाळ फाटलं की दोन्ही टोकं पळतात, दुपार ३३-३४ कडे जाते, ऑक्टोबर असेल तर ३५ च्या पुढेही, आणि पहाट तीन-चार दिवसांत १८-१९ कडे येते. लोक त्याला थंडी म्हणतात, पण ती फक्त कोरडी हवा आहे, खरी थंडी नाही. खऱ्या थंडीसाठी काश्मीर-हिमाचलावरून एखादा पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) जावा लागतो, तिकडे बर्फ पडावं लागतं, आणि मग मागून उत्तरेचा वारा सुटतो, बडोद्यात ते साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आधी टिकून होत नाही. तोवर सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम, आणि घरात सगळ्यांना खोकला. फटाक्यांचा आणि कारखान्यांचा धूर पण याच दिवसांत सकाळी जमिनीलगत अडकून राहतो, दम्याचे लोक असतील तर सकाळचं फिरणं जरा उन्हं आल्यावर करा. साचलेलं पाणी आत्ताच ओता, आठ-दहा दिवसांनी त्यातलेच डास चावतात.

आता एक काम करा. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी वारा कुठून होता, डभोईकडून की पावागडाकडून, आणि शुक्रवारी सकाळी टाकीच्या पत्र्यावर दव होतं का नुसतं कोरडं, हे मला कळवा. दव आणि पावागडचा वारा असं दोन्ही असेल तर साधं कापड सांगून टाका, वारा पावागडचा असून दव नसेल तर ताडपत्री घ्या, आणि वारा अजून डभोईचाच असेल तर गच्ची सोडून खालचा हॉल बघा.